पुढच्या गादीवरचा कॅमेरा

वाटणी झाली त्याच आठवड्यात अप्पांचा फोन आला. "मधी भिंत घातली. आता तारांची बी वाटणी करून दे," म्हणाले.

मी नांदेडला एका कॉलेजात नेटवर्क सांभाळते. ऑफिस, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मुलींचं होस्टेल, प्रत्येकाचं जाळं वेगळं ठेवायचं आणि कुणाला कुणापर्यंत पोचू द्यायचं ते ठरवायचं, हे माझं काम. पोरं मला मागून 'नाही मॅडम' म्हणतात, कारण काहीही मागायला आलं की माझं पहिलं उत्तर 'नाही' असतं. मला त्याचा जरा अभिमानच होता. घरच्यांनी मागितलं तेव्हा मात्र ते 'नाही' मला म्हणता आलं नाही.

चाकूरला रस्त्याला लागून आमचं भुसार मालाचं दुकान. सोयाबीन, तूर, हरभरा. पुढं गादी, मागं गोदाम, बाजूच्या पटांगणात ट्रॅक्टर आणि ट्रक तोलायचा वजनकाटा, वर राहायला घर. अप्पा थोरले, काका धाकटे. दोघं एकाच गादीवर, एकाच लोडाला टेकून बसायचे. चहा यायचा तोही एकच. कप अप्पांचा, बशी काकांची. दोन चहा परवडत नव्हते असं नाही, पण सवय लागली ती लागली. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या जगात भाऊ असाच चहा पितात.

वाटणी भांडणातून झाली नव्हती. घरात सुना आल्या, चुली दोन झाल्या, मग दुकानही दोन व्हावं असं सगळ्यांनीच ठरवलं. भांडण वाटणीतून निघालं. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळं वाटे करणारा इमानानं करतो. मठातले स्वामी आणि दोन पाहुणे मध्ये बसवून अप्पांनी वाटे केले. एकात रस्त्यावरची पुढची गादी आणि लहान गोदाम, दुसऱ्यात मागचं मोठं गोदाम आणि गल्लीकडचं दार. पुढच्या गादीवर आमचे आजोबा बसायचे. रीत काही असली तरी धाकटा ती गादी आपल्याला सोडेल, असं अप्पांनी मनात धरलं होतं. काकांनी तीच उचलली. त्या दिवसापासून अप्पा काकांशी बोललेच नाहीत.

वजनकाटा मात्र कुणाच्याच वाट्यात बसेना. काटा कापता येत नाही. तो सामाईक राहिला, आणि इंटरनेटची लाईन काट्याच्याच खोलीत येत होती म्हणून तीही सामाईक राहिली. नवी लाईन घ्यायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं. घेतली तर हाच वेगळं व्हायला उतावीळ होता, असं गावाला वाटलं असतं. भाऊबंदकीतही माणसं लोकांच्या तोंडाकडं बघतात.

मी शनिवारी गेले. काट्याच्या खोलीत स्विच आणि राऊटर मांडून बसले, तर काका दारात येऊन उभे. मी उठून हात जोडून शरणार्थ केलं, आमच्याकडं नमस्कार असाच करतात. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच एका पोत्यावर बसले.

"काय करून राहिलीस, समजाव मला," म्हणाले.

मी समजावलं. डबा एकच, पण त्याच्या आत तीन वेगळी जाळी आखायची. आमच्या भाषेत त्यांना व्हीलॅन म्हणतात. एक अप्पांचं, एक काकांचं, एक काट्याचं. एका जाळ्यातलं दुसऱ्यात आपोआप जात नाही. जायचंच असेल तर राऊटरमधून जावं लागतं, आणि राऊटर म्हणजे मार्केट यार्डाच्या फाटकावरचा माणूस. त्याला सांगून ठेवायचं की कुणाला सोड आणि कुणाला अडव. दोन्ही दुकानांतून काट्याकडं जाऊ दे, कारण वजनाची पावती दोघांनाही लागते. दोघांना बाहेर इंटरनेटवर जाऊ दे. एकमेकांकडं मात्र जाऊ देऊ नको.

"म्हणजे एकाच तारंतून दोन घरं जातेत आन् एकमेकाला दिसत न्हाईत."

"हाव."

"आम्ही तर दोन जिन्यांनी जातो तरी दिसतो," काका म्हणाले आणि स्वतःच हसले. मग उठता उठता म्हणाले, "तू केलं म्हणजे झालं. मला काय बघायचं न्हाई त्यात."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. बारावीनंतर मी नांदेडला इंजिनिअरिंगला जाते म्हटल्यावर अप्पांनी लातूरचं नाव काढलं होतं. लातूर जवळ, पोरगी रोज जाऊन येऊन करील. काकांनी काही वाद घातला नाही. मला घेऊन एसटीत बसले, प्रवेश होऊन होस्टेलची खोली मिळेपर्यंत कॉलेजच्या पायरीवर बसून राहिले, आणि परत येऊन अप्पांना म्हणाले, "मी करून आलो. आता काय बोलायचं ते मला बोल." मी कुठली शाखा घेतली हेसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. तू घेतली म्हणजे बरोबर असंल, एवढंच.

दोन्ही दुकानांत मीच कॅमेरे बसवले. गादीच्या वर भिंतीवर, फोनवरून मान फिरवता येते तसले. दोन्हींचे पासवर्ड मीच टाकले. काकांनी त्यांचा फोन पुढं केला, मी कॅमेरा जोडून दिला, त्यांनी फोन बघितलाही नाही, पैशाच्या डब्यावर ठेवून दिला.

दुपारी जेवण झाल्यावर अप्पा माझ्याजवळ येऊन बसले. आई आत भांडी आवरत होती. अप्पांनी टॅबलेट पुढं केला, ज्यावर ते बाजारभाव बघायचे.

"पुढच्या गादीवरचं दिसंल का ह्याच्यात?"

"कशाला?"

"काट्यावर गाडी आली की पहिली तिकडं जाती का इकडं, तेवढं बघाय."

ते काट्यावर आधीपासून असलेल्या कॅमेऱ्यातही दिसलं असतं. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही. काकांकडं कोण शेतकरी येतो, कुणाचा माल किती, भाव काय फोडला, हे त्यांना बघायचं असणार, असं माझ्या मनात आलं. मला राग आला, आणि रागाबरोबर त्यांची कीवही आली. मागच्या गल्लीकडं तोंड करून बसलेला माझा बाप. मी लॅपटॉप उघडला.

राऊटर नियम वरून खाली वाचतो. जो पहिला लागू पडेल तो पाळतो, पुढचे बघत नाही. म्हणून 'एकमेकांकडं जाऊ देऊ नको' हा नियम पुसायचीही गरज नव्हती. त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की काम झालं: अप्पांच्या टॅबलेटवरून काकांच्या कॅमेऱ्याकडं जाऊ दे, त्याचं उत्तर परत येऊ दे. तिकडून आपणहून काही निघालं तर मात्र ते खालच्या नियमात अडकेल. इकडून दिसेल, तिकडून नाही. अशी ओळ कॉलेजात कुणी चोरून लिहिली असती तर मी त्याला प्राचार्यांसमोर उभं केलं असतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

टॅबलेटवर काकांची गादी उमटली. काका पाठमोरे बसून कुणाशी तरी बोलत होते, टोपी बाजूला काढून ठेवलेली. अप्पांनी टॅबलेट जवळ घेतला आणि मला म्हणाले, "जा, तू आराम कर."

मी नांदेडला परतले. त्यानंतरही चाकूरला येणं-जाणं चालूच राहिलं. स्टँडवरून घराकडं येताना पहिल्यांदा काकांचीच गादी लागते. टाळून जायचं तर गल्लीनं वळसा घालावा लागतो, आणि मी तो घालायला लागले होते. एकदा काकांनीच हाक मारली. काकूनं शेंगापोळ्या केल्या होत्या, त्या ताटात घालून गादीवरच पाठवल्या. वर तूप. मी खात होते, आणि डोक्यावर बारीक गुरगुर झाली. कॅमेऱ्याची मान वळली. पहिल्यांदा काकांवर, मग माझ्यावर येऊन थांबली.

भिंतीपलीकडं अप्पा बसले आहेत आणि मी काकांच्या ताटात जेवते आहे ते बघताहेत, हे मला कळलं. काकांनी वर बघितलं.

"हे आपोआप हलतंय अधूनमधून," म्हणाले. "माणूस दिसला की वळतंय का काय?"

"हाव," मी म्हणाले. "असतं तसं त्यात."

"असंल असंल. तू बसवलंय म्हणजे बरोबरच असंल."

खोटं बोलणं मला जमतं असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी ते इतकं सहज जमलं की मी उरलेली पोळीही खाल्ली, वर काकूला छान झाली म्हणाले. परतीच्या गाडीत अहमदपूरपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून स्वतःला शिव्या देत होते. ज्यांनी माझ्यासाठी पायरीवर दिवस काढला, त्यांच्या डोक्यावर मी पहारा बसवला होता, आणि त्यांच्याच तुपाची चव माझ्या तोंडात होती.

सोमवारी ऑफिसात बसल्या बसल्या मी घरच्या राऊटरमध्ये शिरले. तशी वाट मी स्वतःसाठी ठेवलीच होती. वरची ओळ पुसली. कुणालाही सांगितलं नाही. अप्पांना काय सांगणार, आणि काकांना तर काय सांगणार? चुकीचं होतं, काढून टाकलं, विषय संपला. त्या दुपारी मी डबा पोटभर खाल्ला.

अप्पांचा फोन आला. "नेट चालू हाय का?"

"चालू हाय की. तुमचं चालत न्हाई का?"

"चालतंय."

मग थोड्या दिवसांनी पुन्हा. "ते कॅमेऱ्याचं काही..."

"तुमच्या दुकानातले दिसतात ना?"

"माझे दिसतेत."

एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांना पुढचं बोलता येत नव्हतं, कारण बोलायचं म्हणजे काय बघत होतो ते सांगायचं. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. खरं सांगते, मला त्यात बरं वाटलं. बापाला नाही म्हणता आलं नव्हतं, ते असं मागच्या दारानं म्हणून घेतलं होतं.

मग आईचा फोन आला. तिला दुसरंच काही विचारायचं होतं, कुठल्या तरी लग्नाचं. बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या अप्पाचं चहाचं काही खरं न्हाई आता. करून ठेवला की थंड होतोय."

"का? चहा सोडला का काय?"

"सोडला न्हाई. ते टॅबलेट बंद पडल्यापासून टायमाचं ध्यान न्हाई. आधी तिकडं काकांच्या गादीवर चहा आला की हे वरडायचे, आणा आपला बी. ते बशी तोंडाला लावायचे की हे कप लावायचे. मला वाटलं तूच करून दिलंय तसं."

फोन ठेवून मी समोरच्या पडद्याकडं बघितलं. त्यावर कॉलेजचे सगळे नियम ओळीनं मांडलेले होते आणि प्रत्येकाचं कारण मला तोंडपाठ होतं. माझ्या बापाच्या मागण्याचं कारण मी विचारलं होतं, त्यांनी खोटं सांगितलं होतं, आणि मी माझ्या मनानं त्याहून वाईट एक कारण चिकटवून मोकळी झाले होते. भाव बघत असतील म्हणे. तो कप आणि ती बशी लहानपणापासून बघूनही दुसरं काही मला सुचलं नव्हतं.

ओळ तिथूनच परत लिहिता आली असती. पण पहिल्यांदा लिहिली तीही चोरून, पुसली तीही चोरून, आता तिसऱ्यांदा चोरी नको असं वाटलं. शनिवारी चाकूरची गाडी धरली. गल्लीनं वळसा न घालता सरळ रस्त्यानं आले. काका गादीवर एकटे होते. मी शरणार्थ केलं.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "तुझा अप्पा बरा हाय ना?"

"बरे हायत. का?"

"न्हाई, आपलं इचारलं." मग हनुवटीनं कॅमेऱ्याकडं खूण केली. "हे बिघडलंय. हलत न्हाई आता."

मी वर बघितलं. कॅमेऱ्याची मान दरवाजाकडं वळलेली होती आणि तशीच होती.

"माझा फोन ह्या डब्यावर असतोय," काका म्हणाले. "मी काय त्याला हात लावत न्हाई. मग मी न्हाई फिरवलं तर कोण फिरवलं? पहिल्या दिवशीच कळलं मला, पोळी खाताना तुला इचारलं ते मुद्दामच. मी उठून गोदामात चाललो की ते वळायचं, बघायचं कुठं चाललाय म्हणून. चहा आला की खाली वाकायचं. तो तिकडं बसलाय, एवढं तर कळत व्हतं. महिना झाला असंल, हलत न्हाई. मला वाटलं पडला बिडला का काय. इचारायचं कुणाला?"

"काका, ते मी..."

"तूच केली असशील. दुसऱ्या कुणाला येतंय ते?"

मी मान खाली घातली. मी उघडल्याचंही सांगितलं आणि बंद केल्याचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच एक शेतकरी तूर दाखवायला आला, त्याला बसा म्हणाले, आणि पुन्हा माझ्याकडं वळले.

"गादी उचलली म्हणून तो रुसला. त्यानं वाटे केले, स्वामी समोर बसलेले. चांगला वाटा सोडून मी दुसरा उचलला असता तर लोक म्हणले असते, थोरल्यानं चांगला वाटा आपल्याला ठेवला आन् धाकट्यानं भेऊन उरलेला उचलला. त्याचंच नाव गेलं असतं. हे त्याला कोण सांगंल?" मग म्हणाले, "बरं, ते राहू दे. तिकडचं मला दिसत व्हतं का, ह्याच्यातून?"

"न्हाई."

"का?"

"तुम्ही मागितलं न्हाई."

"त्यानं मागितलं, तर त्याला दिलीस. माझ्याच गादीवरचं दिलीस, आन् मला इचारलं बी न्हाईस." आवाज चढलेला नव्हता. "मला इचारली असतीस तर मी न्हाई म्हणलो असतो का?"

उत्तराची वाट न बघता ते पुढं म्हणाले, "आता सुरू कर त्याचं. आन् तिकडचं मला दिसू दे. पण त्याला इचारून कर."

मी काट्याच्या पटांगणातून मागच्या बाजूला गेले. अप्पा गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. बाजूच्या स्टुलावर चहा, त्यावर साय धरलेली. मी त्यांना सरळ विचारलं, काकांना तुमची गादी बघायची आहे, दाखवू का? आणि वाटणीच्या दिवशी त्यांनी ती गादी का उचलली, तेही सांगितलं. अप्पा बराच वेळ तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत राहिले. मग उठले, आत गेले, आणि कॅमेऱ्याच्या आड येणारी बारदानाची थप्पी स्वतः ओढून बाजूला केली. हमालाला हाक मारली नाही. लोड झटकला, टोपी नीट केली आणि गादीवर जाऊन बसले.

"कर," म्हणाले.

मी तिथंच लॅपटॉप उघडला. वरची ओळ परत लिहिली. तिच्याखाली उलट्या दिशेची दुसरी लिहिली, काकांच्या फोनवरून अप्पांच्या कॅमेऱ्याकडं. मग पुढच्या दुकानात जाऊन काकांच्या फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवून बघितलं. भिंतीपलीकडून अप्पांनी चहा सांगितल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं काकांकडंही चहा आला. वर कॅमेरा गुरगुरला आणि वळला. काकांनी बशी भरली, कॅमेऱ्याकडं न बघता तोंडाला लावली. दोघं अजूनही फारसं बोलत नाहीत.

मी निघायला उठले तेव्हा काका म्हणाले, "बस जरा."

मी बसले.

"त्या यंत्रात तू काय काय लिवलंय, ते मला वाचून दाखव. सगळं. वरून खाली."

इतक्या वर्षांत काकांनी माझं काही वाचून घेतलं नव्हतं. गुणपत्रिकासुद्धा कधी बघितल्या नव्हत्या. मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. ही काट्याची, ही अप्पांची काट्याकडं, ही तुमची काट्याकडं, ही इंटरनेटची, ही कॅमेऱ्याची, ही दुसऱ्या कॅमेऱ्याची, ही एकमेकांना अडवायची. काका प्रत्येक ओळीला "बरं" म्हणत होते, आणि मध्येच बोट ठेवून "हे काय?" विचारत होते. नांदेडहून आत शिरायची माझी वाट होती, तीही दाखवली. ती त्यांनी दोनदा समजावून घेतली.

शेवटच्या ओळीवर आल्यावर मी लॅपटॉप मिटला. तू केलं म्हणजे झालं, असं ते म्हणतील म्हणून मी थांबले. काकांनी चष्मा काढला, टोपीच्या कडेनं पुसला.

"आजून काही न्हाई ना ह्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"न्हाई काका," मी म्हणाले. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.